बंद पडलेली डिस्क आणि दुसऱ्याची ठेव

माझे आजोबा रविवार पेठेतील एका भुसारी दुकानात दिवाणजी होते. दिवाळीला नव्या वह्यांची पूजा झाली की फार जुन्या झालेल्या कीर्द-खतावण्या निकालात निघत. घरी रद्दीवाला येई, वर्तमानपत्रे नेई, वडिलांची जुनी पाठ्यपुस्तके नेई. परंतु दुकानाच्या वह्यांना आजोबा त्याचा हात लागू देत नसत. त्या वह्या न्हाणीघरातल्या बंबात जात. आजी म्हणे, "रद्दीचे चार पैसे तरी आले असते की." त्यावर आजोबांचे उत्तर ठरलेले असे. "खतावणीचे पान भज्यांच्या गाडीवर गेले तर कुणाची उधारी किती हे साऱ्या पेठेला कळेल. वही दुकानाची असली तरी त्यातली अब्रू गिऱ्हाइकांची आहे."

ही गोष्ट मी लहानपणी अनेकदा ऐकली होती, आणि खरे सांगायचे तर जुन्या माणसांचा एक हट्ट एवढ्यापलीकडे तिला किंमत दिली नव्हती. २०२५ च्या मे महिन्यात मात्र ती मला आठवली. हा लेख लिहिण्याचे कारणही तोच प्रसंग आहे.

सुटीत मी टिळकवाडीतील एका चार्टर्ड अकाउंटंटच्या ऑफिसात काम शिकण्यासाठी जात होते. व्हाउचरे लावणे, टॅलीत नोंदी करणे, लोकांचे कागद स्कॅन करून त्यांच्या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवणे, अशी कामे माझ्याकडे होती. अशील तीनशेच्या आसपास. त्यांत गणपत गल्लीतले व्यापारी होते, शहापूरचे सराफ होते, दोन-तीन छोट्या पतसंस्था होत्या, आणि मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त होऊन पेन्शनीचे कागद घेऊन येणारे सुभेदार-हवालदारही होते. वडगावची एक विणकर बाईही होती. नवरा गेल्यावर तिला विम्याची रक्कम मिळाली होती. कागद माझ्या हातात देताना ती हळूच म्हणाली होती, "बाळ, रक्कम किती ते आमच्या घरात कुणाला कळू देऊ नको हं. दिराला कळले तर माझ्या पोरांच्या हाती काही लागायचे नाही." मी मान हलवली होती. त्या मान हलवण्याने आपण एक जबाबदारी घेतली, हे तेव्हा ध्यानातही आले नाही.

एके दिवशी सकाळी ऑफिसातील मुख्य संगणक सुरू होईना. आतून नुसता टक्-टक् असा आवाज. खडेबाजारातले दुकानदार आले, त्यांनी तपासले आणि हार्ड डिस्क गेल्याचे सांगितले. रोजची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवण्याची सरांची शिस्त असल्यामुळे काम फारसे अडले नाही. शिवाय डिस्कची हमी ३ वर्षांची, तिचे अजून १० महिने शिल्लक. जुनी डिस्क कंपनीकडे पाठवावयाची आणि बदली मिळवावयाची, एवढाच प्रश्न उरला. ते काम अर्थातच माझ्याकडे आले. मी जरा घुटमळले तेव्हा दुकानदार हसून म्हणाले, "कळसरी, एनू आगूदिल्ल." पाठवा हो, काही होत नाही.

डिस्क खोक्यात घातली, चिकटपट्टी लावली, आणि फॉर्म भरताना मागच्या बाजूच्या बारीक इंग्रजी अटी वाचल्या. कॉमर्सच्या विद्यार्थ्यांना लागलेली ही एक खोड समजा. एक अट अशी होती की परत आलेला माल कंपनीच्या मालकीचा होईल. दुसरी अट अशी की बदली म्हणून दुरुस्त केलेला जुना मालही देण्यात येईल. दोन्ही अटी एकापुढे एक ठेवल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आम्हांला मिळणारी डिस्क जर दुसऱ्या कोणाची दुरुस्त झालेली असू शकते, तर आमचीही दुरुस्त होऊन तिसऱ्या कोणाकडे जाऊ शकते. आणि आमच्या डिस्कवर वडगावच्या त्या बाईचे कागद होते.

मी खोके घेऊन सरांकडे गेले. सर म्हणाले, "अगं, ती सुरूच होत नाही. मेलेल्या डिस्कमधून कोण काय वाचणार?"

प्रश्न रास्त होता, आणि आपल्यापैकी बहुतेकांची समजूतही हीच असते. म्हणून त्याचे उत्तर थोडे सविस्तर द्यावयास हवे.

हार्ड डिस्कच्या पेटीत गुळगुळीत तबकड्या असतात. त्यांच्यावरील चुंबकीय थरात मजकूर लिहिलेला असतो. तबकड्या फिरवणारी एक मोटार असते, वरून सरकत वाचणारी बारीक टोके असतात, आणि पेटीच्या बाहेरून एक इलेक्ट्रॉनिक पट्टी बसवलेली असते. डिस्क बिघडते तेव्हा पुष्कळदा ही पट्टी जळते, मोटार अडकते किंवा वाचणारी टोके निकामी होतात. तबकडीवरचा मजकूर जागच्या जागी असतो. तिजोरीचे कुलूप गंजले म्हणून आतले दागिने नाहीसे होत नाहीत, तसेच हे. जाणकार माणूस पट्टी बदलून किंवा धूळविरहित खोलीत टोके बदलून तो मजकूर पुन्हा वाचू शकतो. हे गुपितही नव्हे. त्याच खडेबाजारात ‘बंद पडलेल्या हार्ड डिस्कमधील डेटा परत मिळवून देऊ’ असा फलक लागलेला आहे. मी सरांना त्या फलकाची आठवण दिली. जो डेटा पैसे देऊन आपल्याला परत मिळतो, तो पैसे देऊन दुसऱ्याला मिळणार नाही असे कसे म्हणता येईल? सर थोडा वेळ काही बोलले नाहीत.

बंद पडलेल्या डिस्कची खरी अडचण हीच आहे. चालू डिस्क परत करावयाची असती तर ती आधी पुसता आली असती. बंद डिस्कवर लिहिता येत नाही, म्हणून ती पुसताही येत नाही. फोडावी तर हमी जाते. पेटी उघडली तरी हमी जाते. म्हणजे हमीचा लाभ हवा असेल तर मजकुरासकट डिस्क परक्याच्या हवाली करावयाची, आणि मजकूर राखावयाचा असेल तर हमीवर पाणी सोडावयाचे. आपण विकत घेतलेल्या हमीत असा पेच लपलेला आहे, हे खरेदीच्या वेळी कोणी सांगत नाही आणि आपणही विचारत नाही.

हा पेच केवळ बेळगावच्या एका लहान ऑफिसापुढे पडला असे नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात माजी सैनिकांच्या नोंदींचा मोठा साठा संगणकावर होता. २००८ मध्ये त्यातील एक डिस्क बिघडली. ती न पुसताच ज्या कंत्राटदाराकडून घेतली होती त्याच्याकडे दुरुस्तीला गेली. दुरुस्त होत नाही असे दिसल्यावर त्याने ती पुढे भंगारावर प्रक्रिया करणाऱ्या दुसऱ्या कंपनीकडे सोपवली. २००९ मध्ये हे प्रकरण उजेडात आले, तेव्हा प्रश्न सुमारे ७ कोटी माजी सैनिकांच्या नोंदींचा होता. माहितीची गळती झाली असे आम्ही मानत नाही, अशी भूमिका अभिलेखागाराने घेतली. असेलही तसे. परंतु एका डिस्कच्या बदलीसाठी एवढ्या लोकांची माहिती हातोहात फिरावी, आणि पुढे चौकशीची वेळ यावी, हा व्यवहार कोणत्या हिशोबात बसतो? आपल्या गावात गल्लीगल्लीत माजी सैनिकांची घरे आहेत. त्यांच्या पेन्शनीचे कागद कोणाच्या ना कोणाच्या संगणकावर आहेतच.

जुन्या डिस्क बाजारात कोणत्या अवस्थेत फिरतात याचीही एकदा चांगली पाहणी झाली होती. सिम्सन गारफिंकेल आणि अभी शेलाट या दोन संशोधकांनी २००० ते २००२ या काळात अमेरिकेत १५८ जुन्या डिस्क विकत घेतल्या. त्यांतील १२९ चालू अवस्थेत होत्या. आपले निष्कर्ष त्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केले. नीट पुसलेल्या डिस्क त्यांना आढळल्या फक्त १२. बाकीच्यांत खासगी पत्रे होती, आजारपणाचा पत्रव्यवहार होता, आणि ५,००० हून अधिक क्रेडिट कार्डांचे क्रमांक होते. यांतील कित्येक मालकांनी आपण सर्व काही ‘डिलीट’ केले आहे असेच समजून डिस्क विकल्या असणार. प्रत्यक्षात डिलीट करणे म्हणजे खतावणीची अनुक्रमणिका फाडणे होय. खाती आत तशीच राहतात. ‘क्विक फॉरमॅट’ची गोष्टही याहून फार वेगळी नाही.

आता यावर जे आक्षेप घेतले जातात त्यांचा विचार करू. पहिला आक्षेप असा, की एवढी मोठी कंपनी, रोज हजारो डिस्क येतात, तिला वडगावच्या बाईच्या विम्याशी काय देणेघेणे? मला हे मान्य आहे. कंपनीवर मी मुळीच आरोप करीत नाही. परंतु डिस्क कंपनीच्या हाती थेट पडत नसते. दुकानदार, कुरिअर, सर्व्हिस सेंटर, गोदाम, दुरुस्ती करणारा ठेकेदार, भंगारवाला, असे किती तरी हात मध्ये असतात. त्यांतील नव्व्याण्णव प्रामाणिक असले तरी उरलेला एक पुरेसा होतो. आणि त्या एका हाताशी आपला करार नसतो, ओळखही नसते.

दुसरा आक्षेप पैशाचा आहे, आणि तो अधिक खरा आहे. लहान पतसंस्थेला किंवा नव्याने व्यवसाय सुरू केलेल्या माणसाला पाच हजार रुपये काही थोडे नव्हेत. म्हणूनच हा हिशोब वाणिज्याच्या विद्यार्थ्यासारखा मांडून पाहावा. आमची डिस्क घेतली तेव्हा ५,००० रुपयांची होती. ऑफिसात संगणकावर दरसाल ४० टक्के घसारा धरीत. पहिल्या वर्षी तिची किंमत ३,००० झाली, दुसऱ्या वर्षी १,८००. म्हणजे त्या दिवशी आमच्या पुस्तकांत डिस्क १,८०० रुपयांची होती. तिच्यावरचा तीनशे घरांचा मजकूर मात्र ताळेबंदात कुठेच नव्हता. का नव्हता? कारण तो आमच्या मालकीचा नव्हताच. तो आमच्याकडे विश्वासाने ठेवलेला होता.

आपल्या दोन्ही भाषांत अशा वस्तूला जवळजवळ एकच शब्द आहे. मराठीत आपण ठेव म्हणतो, कन्नडमध्ये ठेवणी. ठेव ही ठेवणाऱ्याची असते. ज्याच्याकडे ती ठेवली आहे त्याच्या पुस्तकांत ती देणे म्हणून दिसते, मालमत्ता म्हणून नव्हे. हे आपण अकरावीपासून शिकतो. मग बदली डिस्कचे पाच हजार वाचावेत म्हणून दुसऱ्याची ठेव कुरिअरच्या खोक्यात घालण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? स्वतःचे फोटो, स्वतःची पत्रे कोणाकडे जाऊ द्यावयाची हे ज्याने त्याने ठरवावे. दुसऱ्याच्या कागदांबाबत ती मुभा आपल्याला नाही.

कायदाही याच बाजूला आहे. १९४९ च्या चार्टर्ड अकाउंटंट्स कायद्यानुसार अशिलाची माहिती त्याच्या संमतीवाचून उघड करणे हे व्यावसायिक गैरवर्तन ठरते. २०२३ मध्ये संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदा केला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्यांच्या अंमलासाठी १८ महिन्यांची मुदत देण्यात आली. माहितीच्या सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. मला त्यातील एक शब्द विशेष वाटला. लोकांची माहिती गोळा करणाऱ्याला या कायद्याने इंग्रजीत ‘डेटा फिड्युशिअरी’ असे नाव दिले आहे. फिड्युशिअरी म्हणजे दुसऱ्याचे विश्वासाने सांभाळणारा. आजोबांनी बंबापाशी बसून सांगितलेली गोष्ट कायद्याच्या पुस्तकात यावयास एवढी वर्षे लागली!

तर मग करावे काय? नुसता उपदेश करून थांबणे बरे नव्हे, म्हणून मला जे समजले ते सांगते.

सर्वांत चांगला उपाय डिस्क बिघडण्यापूर्वीचा, किंबहुना ती विकत आणल्या दिवसाचा आहे. तो म्हणजे एन्क्रिप्शन. डिस्कवर जे काही लिहिले जाईल ते कुलूपबंद होऊनच लिहिले जावे अशी व्यवस्था. विंडोजच्या व्यावसायिक आवृत्तीत यासाठी बिटलॉकर आहे, लिनक्समध्ये लक्स आहे, आणि व्हेराक्रिप्ट फुकट मिळते. संपूर्ण डिस्क अशी कुलूपबंद असली आणि पासवर्ड मजबूत असला, तर ती बंद पडल्यावर निर्धास्तपणे परत पाठवावी. तबकड्या कोणी वाचल्या तरी त्याच्या हाती अर्थहीन अक्षरे पडतील. मात्र चावी कागदावर लिहून वेगळ्या जागी, तिजोरीत ठेवावयास हवी. ती डिस्कबरोबर पाठवू नये हे सांगावयास नकोच, आणि ती हरवली तर आपलाच मजकूर आपल्याला परका होईल हेही विसरू नये.

दुसरा उपाय डिस्क कुरकुरत असली तरी चालू असेल तेव्हाचा. फाईल उघडावयास वेळ लागणे, विचित्र आवाज येणे, संगणकाने धोक्याची सूचना देणे, ही लक्षणे दिसताच प्रत काढून घ्यावी आणि संपूर्ण डिस्कवर शून्ये लिहून ती पुसावी. पस्तीस वेळा पुसावे लागते असा एक समज आहे. पण अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेच्या २०१४ च्या मार्गदर्शिकेनुसार आजच्या फिरत्या तबकड्यांच्या डिस्कवर एकदा पूर्ण लिहिणे सहसा पुरेसे असते. मात्र बिघडू लागलेल्या डिस्कचे काही भाग पुसण्यातून निसटू शकतात, म्हणून काम शेवटपर्यंत बिनचूक झाले की नाही हे तपासून मगच तिच्यावर भरवसा ठेवावा. तबकड्या नसलेल्या नव्या एसएसडीवर असे वरून लिहिणे भरवशाचे नाही. तिच्यातील स्वतःची पुसण्याची आज्ञा वापरावी लागते.

तिसरी पायरी, डिस्क पूर्ण बंद आहे आणि कुलूपबंदही नाही. अशा वेळी ती पाठवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बिघडलेली डिस्क ग्राहकानेच ठेवून घ्यावी अशी सोय काही कंपन्या जादा रक्कम घेऊन देतात. पण ती बहुधा खरेदीच्या वेळीच घ्यावी लागते, म्हणून बिल करण्याआधी दुकानदाराला विचारावे. ती सोय नसेल तर नुकसान सोसावे, तबकड्यांना भोके पाडून किंवा हातोड्याने डिस्क निकामी करावी आणि मग ती ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रात द्यावी. लॅपटॉपच्या डिस्कमधील तबकड्या कित्येकदा काचेच्या असतात, तेव्हा हातोडा मारताना डोळे सांभाळावेत.

दुरुस्त होऊ शकणारी वस्तू अशी फोडणे मला स्वतःलाही रुचत नाही. एवढे लोखंड, ॲल्युमिनियम, एवढी मेहनत वाया जाते. पण त्यातूनही निष्कर्ष हाच निघतो की कुलूप पहिल्या दिवशी लावावे, म्हणजे शेवटच्या दिवशी हातोडा उचलावा लागणार नाही.

माझी एक सूचना आपल्या सर्वांसाठी आहे. महाविद्यालयांच्या संगणकांवरही विद्यार्थ्यांचे गुण असतात, शिष्यवृत्तीच्या अर्जांतले बँक खात्यांचे क्रमांक असतात, उत्पन्नाचे दाखले असतात. प्राध्यापकांच्या लॅपटॉपवर प्रश्नपत्रिका असतात. आपल्यापैकी अनेकजण पुढच्या वर्षी कुठल्या तरी बँकेत, सोसायटीत, करसल्लागाराकडे कामाला लागतील. तेथे डिस्क बिघडेल, आणि ती पाठवण्याचे काम ऑफिसातील सर्वांत नव्या माणसाकडे, म्हणजे आपल्याकडेच येईल. त्या वेळी ‘पाठवण्यापूर्वी यावर काय आहे?’ एवढा एक प्रश्न विचारण्याचे धैर्य आपण दाखवावे. वरिष्ठ चिडतील असे वाटते. माझे सर चिडले नाहीत.

त्या दिवशी त्यांनी मला खोके उघडावयास सांगितले. नवी डिस्क रोख आणवली आणि सुरू करण्यापूर्वी ती कुलूपबंद करवून घेतली. जुनीची १,८०० रुपयांची नोंद माझ्याकडूनच नुकसानीच्या खाती घालवली. मी आतापर्यंत केलेल्या नोंदींत नुकसानीची असूनही मनाला बरी वाटलेली ही एकच. डिस्क नंतर शहापूरच्या एका लोहाराकडे गेली आणि मी समोर उभी असताना तिला आरपार भोके पडली.

जुलैत वडगावच्या त्या बाई विवरणपत्रावर सही करावयास आल्या. कागद नीट आहेत ना, असे त्यांनी विचारले नाही. चहा घेतला, पोरांच्या शाळेबद्दल बोलल्या आणि गेल्या. त्यांना तो प्रश्न कधी विचारावा लागू नये, एवढी काळजी घेणे आपले काम आहे.

— वाणिज्य विभाग, तृतीय वर्ष